न दिलेला होकार

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी चौकातल्या विजेच्या खांबाला लटकत होते. म्हणजे माझा फोटो. स्कूटी थांबवायची ती जागा नव्हे, मागचा रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, आणि तरी माझे पाय जमिनीवरून उचलेनात. दहा बाय आठचा फ्लेक्स. गुलाबी रंग असा, की डोळ्यांत चुना गेल्यासारखं व्हावं. फोटो मावसबहिणीच्या लग्नातला. त्यात मी खाली बघते आहे, कारण बँडवाला झांजा माझ्या कानापासून दोन हातांवर बडवत होता. पण फ्लेक्सवाल्याने मागचा मांडव पुसून तिथे कमळं उगवली होती, त्यामुळे मी कमळांच्या तळ्यात उभी राहून संसाराकडे पाठ फिरवल्यासारखी दिसत होते. वर लिहिलं होतं, ‘वैराग्यपथावर पहिले पाऊल. बालब्रह्मचारिणी सुंदरी दिदी यांच्या आजीवन ब्रह्मचर्य व्रत व संघप्रवेश सोहळ्यास हार्दिक अनुमोदना. रविवार, सकाळी साडेआठ.’ बाल म्हणे. मी बत्तीस वर्षांची आहे. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत गॉगल घातलेला माझा धाकटा भाऊ सम्मेद होता, आणि त्याच्या शेजारी हात जोडलेली आमची आत्या आक्काताई. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. रविवार तीन दिवसांवर होता, आणि ज्या गोष्टीला सगळं गाव अनुमोदना देत होतं तिला हो मी कधी म्हटलं, हे मला आठवत नव्हतं. रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून शिवी द्यायला तोंड उघडलं, फ्लेक्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले.

होकाराचं मला नंतर आठवलं, कोल्ड स्टोरेजच्या दारात स्कूटी लावताना. पंधरा दिवसांपूर्वी देवळात आक्काताईने चाळीस-पन्नास बायकांच्या मध्ये माझी हनुवटी धरून विचारलं होतं, “सुंदरी, तयार हाईस न्हवं?” कशाला तयार, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. स्पीकर चालू होता, ट्यूबलाइट चरचरत होती, बायकांच्या हातांत काचेच्या बांगड्या होत्या आणि आक्काताईच्या बोटांना गंधाचा ओलेपणा होता. अशा वेळी माझा आवाज जातो. घसा बसत नाही; शब्द आत तयार असतात, पण जिना उतरून खाली येतच नाहीत. मी मान खाली घातली. आक्काताई म्हणाली, “बघा, हूं का चूं न्हाई. ह्येला म्हणत्यात होकार.” तिची चूक मी फार मोठी धरत नाही. आमच्या समाजात न बोलणाऱ्याला मान आहे. बोलघेवड्या माणसाला इथे कुणी विचारत नाही, आणि गप्प बसणाऱ्याच्या आत काय चाललंय हेही कुणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं.

याची सुरुवात दोन वर्षांपूर्वी आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वात झाली. मांडवात दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर, त्यातला एक मधूनमधून शीळ घालायचा, आणि मी नेमकी त्याच्यापुढे. उठावं तर दोनशे माणसांचे गुडघे ओलांडायचे. मी डोळे मिटले, पाठ ताठ केली आणि मनात कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर लावला. तो एकाच सुरात वाजतो, दिवसभर, न चुकता. जगात मला आवडणाऱ्या आवाजांत त्याचा नंबर पहिला आहे. चार तास मी त्या सुराला धरून बसले. डोळे उघडले तेव्हा समोर तीन बायका हात जोडून बसल्या होत्या. “ध्यान लागलंय पोरीला,” कुणीतरी म्हणालं. नंतर दोन दिवस मला बोलता आलं नाही, तर आक्काताईने घरोघरी सांगितलं की सुंदरीने मौन घेतलंय. मग लोकांना मागचंही सगळं दिसू लागलं. मी रोज ज्वारीची भाकरी आणि मुगाची पातळ आमटीच खाते, बाकी चवी जिभेवर आदळतात म्हणून. तो रसत्याग झाला. लसणाच्या वासाने मला लहानपणापासून ओकारी येते. तो संयम झाला. माणसांच्या तोंडाकडे बघितलं की मला त्यांचं बोलणं कळत नाही, म्हणून मी रस्त्याकडे बघत चालते. तर मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून बघते म्हणे. डाव्या कानामागे रुपयाएवढी जागा मी केस उपटून उपटून मोकळी केली आहे. फार झालं की माझा हात आपोआप तिथे जातो, उपटलं की क्षणभर सगळं शांत होतं. ती जागा वेणी घालताना आक्काताईला दिसली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. “आत्तापास्नं केशलोचाची सवय करतीया लेक,” ती आईला म्हणाली; दीक्षा घेतलेल्या साध्वी डोक्याचे केस हातानेच उपटतात. आईने माझ्याकडे बघितलं नाही. आईला त्या जागेचं कारण माहीत होतं. गेल्या वर्षी मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोरच मला विचारलं होतं, आणि मी सांगितलं होतं. त्या बाईंनी तीन बैठका घेऊन कागदावर ऑटिझम असं लिहिलं. मला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं होतं, की परतीच्या बसमध्ये कंडक्टरने दोनदा तिकीट मागितलं तरी मी रागावले नाही. आईने तो कागद घरी आल्यावर कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. “लोकास्नी सांगायचं न्हाई,” एवढंच म्हणाली.

कोल्ड स्टोरेजचे मालक जिनपालशेठ त्या गुरुवारी दारातच उभे होते. मी त्यांच्याकडे बेदाण्याची प्रतवारी करते, अकरा वर्षं. पांढऱ्या दिव्याखाली मूठभर बेदाणा पसरला की हिरव्यातला पिवळा आणि पिवळ्यातला जुना माल मला आपोआप वेगळा दिसतो; त्यासाठी मला डोकं चालवावं लागत नाही, उलट डोकं चालवायचं थांबतं. जिनपालशेठ माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. ते वाकले आणि माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकले, तर दाराची कडी पाठीत बसली. “दिदी, भाग्य आमचं,” ते म्हणाले. “आता तुमी ह्या मालाला हात लावायचा न्हाई. तुमच्या टेबलावर शनिवारपासनं दुसरी पोरगी बसवलीया. आज नुसतं बसा. च्या... न्हाई, तुमी च्या घेत न्हाई, दूध सांगू?” माझ्या टेबलावर दुसरी पोरगी. मला सांगायचं होतं, शेठ, ते टेबल माझं आहे, तो दिवा मी डावीकडे वाकवून ठेवलाय तो सरळ करू नका. जिन्यावर शब्द अडले. मी नुसती बसले. हमाल येता-जाता नमस्कार करत होते. दुपारी चारला मी कॉम्प्रेसरच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि तिथेच पहिल्यांदा मला भीती वाटली, म्हणजे खरी भीती. हे लोक वाईट नाहीत. वाईट माणसाला निदान माहीत असतं की आपण समोरच्याचं काहीतरी घेतोय. हे तर द्यायला आले होते.

खोटं का बोलू, रात्रभर मला त्या आयुष्याचा मोहही पडला. एक पांढरी साडी, तीच रोज. एक वेळ जेवण, तेच रोज. कुठल्या घटकेला काय करायचं ते ठरलेलं. लग्नाबिग्नाचं कुणी विचारणार नाही. डोळ्यांत का बघत नाहीस, हसत का नाहीस, अंगाला हात लावला की अशी का झटकतेस, हे कुणी विचारणार नाही. या जगात माझ्यासाठी तयार केलेली एखादी जागा असेल तर ती हीच, असं मला वाटून गेलं. मग मी पुढचं आठवलं. दिवाळी झाली की चातुर्मास संपतो आणि माताजींचा, म्हणजे गावात मुक्कामाला असलेल्या आमच्या साध्वींचा संघ पायी चालू लागतो. जत, तिथून उलटं फिरून फलटण, रोज नवं गाव, रोज नव्या शाळेची खोली, नवी चटई, भिंतीला नवा वास, डांबरावर उघडे पाय. नळाच्या पाण्याची चव बदलली तरी माझा दिवस जातो. आणि पुढे दीक्षा झाली की जेवायचं ते ओंजळीत, पुढ्यात पन्नास माणसं घासाघासाकडे बघत असताना. पण हेही सगळं एक वेळ मी सोसलं असतं. न सोसवणारी गोष्ट वेगळीच होती. माताजी हे सगळं करतात कारण त्यांनी ते निवडलंय. त्यांना लाडू आवडत असतील आणि त्यांनी ते सोडले असतील. मी काय सोडणार? जे मला घेताच येत नाही ते मी सोडलं असं म्हणून लोकांकडून पाया पडून घ्यायचं, तेही जन्मभर, हे मला खोटं वाटत होतं. आणि मला जे आवडतं, ते टेबल, तो दिवा, तो कॉम्प्रेसर, ते सोडायची माझी इच्छा नव्हती. मला माझं आयुष्य हवं होतं. ते लहान आहे, पण मी ते अकरा वर्षं खपून बसवलंय.

शुक्रवारी मी सम्मेदला मेसेज केला, मला व्रत घ्यायचं नाही. निळ्या खुणा उमटल्या. अर्ध्या तासाने उत्तर आलं, ‘थांब बघतो.’ सम्मेदने बघतो म्हटलेलं काहीही मी आजवर झालेलं बघितलेलं नाही. माताजींकडे गेले, तर त्यांच्याभोवती आरती चालू होती, घंटा आणि स्पीकर एकदम. मी खांबाला धरून परत आले. त्यांना तरी काय बोल लावणार, त्यांना सांगितलेलं की मुलीचीच इच्छा आहे. मग मी आईला चिठ्ठी लिहिली. बोलण्यात माझे शब्द वाकडे होतात, लिहिण्यात होत नाहीत. ‘आई, मला व्रत घ्यायचं नाही. मी कधीच हो म्हटलेलं नाही. रविवारी मला तिथे बोलता येणार नाही, म्हणून तू आजच सगळ्यांना सांग. सुंदरी.’ आई दाण्याचं कूट करत होती. मिक्सर थांबवून तिने चिठ्ठी दोनदा वाचली, ओठ हलवत. मग घडी घालून कमरेच्या पिशवीत खोचली.

“भ्या वाटतंय तुला,” ती म्हणाली. “आक्काताई म्हणल्या हुत्या, आधी दोन दिस समद्यास्नी वाटतं.”

“भीती नाही. नको आहे.”

“मग करणार काय तू? मी हाय तवर हाय. पुढं?”

“काम करीन.”

“आणि सम्मेदचं?” आई माझ्याकडे न बघता म्हणाली. “तीन ठिकाणची माणसं येऊन गेली त्याला बघाय. तुझे आप्पा असते तर गोष्ट येगळी हुती. बहीण कशी हाय, बोलत का न्हाई, घरात कुणाला आसं हुतं का, एवढंच इचारत्यात. आता कालपासनं चार फोन आल्यात, सुंदरी. चार. आन् लोकं तुझ्या पाया पडत्यात. आधी तुला काय म्हणायची, ठावं हाय का तुला?”

मला ठाऊक होतं. शाळेत, लग्नांत, गल्लीत. माझे कान नको तितके चांगले आहेत. मी काहीतरी म्हणणार होते, पण आईने मिक्सर सुरू केला आणि कूट झालं तरी बंद केला नाही.

शनिवारी दुपारी तीनला घरी गोदभराई होती. व्रत घेणाऱ्या मुलीची मांडी नारळ आणि सुक्या मेव्याने भरायची, कुंकू लावायचं, पाया पडायचं. बाहेरच्या खोलीत पाट, पाटावर मी, अंगावर आक्काताईने आणलेली पिवळी साडी, तिची जर गळ्याला करवतासारखी लागत होती. पंखा फुल्ल. अगरबत्त्या पाच. साठ बायका तरी असतील, एका वेळी दोघी-तिघी पुढे यायच्या. थंड बोट कपाळावर, नारळ मांडीत, बेदाणे मांडीत, गरम हात पायांवर. थंड, जड, चिकट, गरम. परत थंड. विसाव्या की बाविसाव्या बाईनंतर मला कपाळ कुठे संपतं आणि बोट कुठे सुरू होतं ते कळेना. कुणीतरी गाणं धरलं. आक्काताई म्हणाली, “चेहऱ्यावर तेज बघा.” माझा हात कानामागे गेला, तर तीच हळूच धरून खाली आणत म्हणाली, “उद्या, बाळा, उद्या.” तेव्हा मी उठले. मांडीतले नारळ गडगडले, बायका हसल्या, आणि मी वाट काढत स्वयंपाकघरात गेले.

तिथे मला फक्त दार लावायचं होतं. पण दाराला कडी नाही, आणि पिठाच्या डब्यामागून मला वास आला. माझ्यामुळे घरात लसूण येत नाही, म्हणून सम्मेद गच्चीत चोरून खायला भडंगाचा पुडा आणून ठेवतो, लसणाचा, त्यात तळलेल्या पाकळ्या अख्ख्या असतात. घरात हे फक्त मला माहीत आहे, कारण पुडा दोन खोल्या पलीकडे उघडला तरी माझं नाक मला झोपू देत नाही. मी तो वास घेत उभी राहिले. बोलता येत नव्हतं. लिहून झालं होतं. उरलं होतं ते एवढंच. मी पुडा घेतला, बाहेर आले, पाटासमोर उभी राहिले आणि सगळ्यांना दिसेल अशी एक पाकळी तोंडात टाकली.

कुरकुरीत, मग आत तेलकट, मग तो वास नाकातून मेंदूत. सगळं अंग नको म्हणत होतं. मी चावली. गाणं थांबलं. मला वाटलं, झालं, कळलं यांना. तेवढ्यात मागून एक म्हातारी खदखदून हसली, “घे बाई घे, उद्यापास्नं बंदच हाय की!” आणि सगळी खोली सैल झाली. कुणी टाळ्या वाजवल्या. “मनातलं समदं खाऊन घ्याय पायजे, म्हंजी आस ऱ्हात न्हाई,” आक्काताई समजावत म्हणाली, “रीतच हाय तशी.” एका बाईने प्रेमाने पुढे होऊन पुड्यातल्या पाकळ्या वेचून माझ्या तळहातावर ठेवल्या. मी दुसरी खाल्ली. तिसरी. माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, तर कुणीतरी पदराने आपलेच डोळे पुसत म्हणालं, “संसार सुटताना जीव तुटतुयाच.” तेव्हा मला कळलं की यातून सुटका नाही. मी काहीही केलं, ओरडले, पळाले, इथे आडवी पडले, तरी त्याला यांच्याकडे एक चांगला अर्थ तयार आहे. मी चौथी पाकळी तोंडात टाकली, कारण हात थांबेना, आणि पोटातून उसळी आली ती मी दात आवळून धरली.

“थू,” आई म्हणाली. “थुक ते. सुंदरी, थुक.”

ती दारात उभी होती, हातात कुंकवाची वाटी. वाटी तिने खाली ठेवली नाही, नुसती सोडली. माझ्या तोंडापुढे तिने आपली ओंजळ धरली, मला कुठेही हात न लावता, आणि मी लहान मुलीसारखं सगळं त्यात थुंकले.

“हरणे, आगं काय करतीस?” आक्काताई म्हणाली.

“वन्सं, ही लसूण खात न्हाई.”

“ठावं हाय की. संयम...”

“संयम न्हाई!” आईचा आवाज एवढा मोठा मी ऐकला नव्हता. “सात वर्साची हुती तवा मी मारून मारून खायला घाटलंय हिला. ओकून ओकून निळी पडली हुती. तप न्हवं ते. हिला सोसतच न्हाई. स्पीकर सोसत न्हाई, गर्दी सोसत न्हाई, अंगाला हात लावल्याला सोसत न्हाई. मिरजंच्या डॉक्टरनं लिहून दिलंय, मीच झाकून ठेवलं. काल पोरीनं चिठ्ठी दिली मला, व्रत न्हाई घ्यायचं म्हणून. ती बी मी झाकली.” तिने ओला हात कमरेला पुसला. “आज लसूण खाऊन सांगाय लागलीया. आता आनि कसं सांगावं तिनं?”

गाणं कधीच थांबलं होतं. दारातून सम्मेद म्हणाला, “आई, आगं माझं...” आणि आई त्याच्याकडे न वळता म्हणाली, “तुझं तू बघ. मर्द हाईस न्हवं?” मग ती बायकांकडे बघून, आवाज उतरवून, सुनेने सासरच्या माणसांशी बोलावं तशी म्हणाली, “जावा आता. माझी चूक झाली. माताजींच्या पाया पडून मी सांगती.”

बायका गेल्या. एकेक करून, चपला शोधत, कुजबुजत. ते कुजबुजणं मला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं. आक्काताई सगळ्यात शेवटी उठली. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नव्हे. कुणीतरी हातातून ताट काढून घ्यावं तशी ती दिसत होती. मला तिचं वाईट वाटलं. मी मोरीत जाऊन ओकले, तीनदा. आईने तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि ती मागे सरकून उभी राहिली. मी चूळ भरली, पिवळी साडी सोडून टाकली, माझा धुऊन मऊ झालेला गाऊन घातला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसले. जमिनीवर कुंकू सांडलेलं, बेदाणे सगळीकडे. बहुतेक गेल्या वर्षीचा माल होता.

आई समोर बसली. मग म्हणाली, “लय बरं वाटत हुतं गं मला. देवळात लोकं फुडं बसवाय लागली हुती मला. इकडं या आई, इकडं बसा, म्हणायची. तीस वर्सं मी मागच्या खांबाला बसलीया, तू रडाय लागलीस की उठून जाता यावं म्हणून. दोनच वर्सं फुडं बसली मी.” मी म्हणाले, “माहीत आहे.” माझा आवाज परत आला होता, खरखरीत. मला अजून सांगायचं होतं, की तुझं पुढे बसणं मी हिरावलं, मला त्याचं वाईट वाटतंय, आणि तरी मी परत तेच करीन. तेवढ्यात आई रडायला लागली. ती मोठ्याने रडते, गावाकडच्या बायका मयताला रडतात तसं, सूर वर चढवत, मध्ये श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज करत. आप्पा गेले तेव्हा या रडण्यापासून पळून मी दोन दिवस गच्चीवर बसले होते. तो सूर माझ्या दाढांत जातो, हाडांत जातो. जिना दोन पावलांवर होता, आणि आई म्हणाली असती, जा, वर जा. मी दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून धरले आणि तिच्यासमोर बसून राहिले.